डोंगर बुटके आहेत म्हणूनच

डोंगरातल्या विमानतळांचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. भूतानचं पारो, नेपाळचं लुक्ला, लेह, कुल्लूजवळचं भुंतर. पारोला दिवसाउजेडी आणि दरी डोळ्यांना दिसत असेल तरच उतरतात. लेहची बहुतेक विमानं सकाळीच उरकतात, कारण दुपारी दरीत वारा उठतो आणि आधीच विरळ असलेली हवा तापून आणखी विरळ होते. या यादीत कराडचं नाव कोणी घेत नाही. वारुंजीजवळची ती १२८० मीटरची धावपट्टी १९५५ साली कोयना धरणाच्या कामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम १९०० फूट. आजूबाजूचे डोंगर तीन-चार हजार फुटांचे. छोटं सेसनासुद्धा त्यांच्या डोक्यावरून आरामात जातं. मग ‘पर्वतीय विमानतळ’ वगैरे शब्द इथे कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

ते शब्द याच कारणासाठी लागतात. हिमालयात ढग आणि डोंगर यांच्यात कोण उंच, हा प्रश्नच नसतो. डोंगर जिंकलेलाच असतो आणि पायलट पहिल्या दिवसापासून तसाच वागतो. सह्याद्रीत वर्षाचे आठ महिने डोंगर हरलेला असतो. पायलट साडेपाच हजार फुटांवरून सरळ रेषेत येतो, खाली आगाशिव, सदाशिवगड, वसंतगड बघत उतरतो, आणि ही सवय अंगी मुरते. जून उजाडला की ढगाचा तळ नेमका त्याच तीन-चार हजार फुटांवर येऊन बसतो. डोंगर तेवढेच, विमान तेच, मधली मोकळी जागा मात्र गायब. डोंगर आणखी दहा हजार फूट उंच असते तर कोणी त्या वाटेला गेलंच नसतं.

ढगाचा तळ काढायचं एक जुनं, साधं गणित आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा आणि दर अंशाला ४०० फूट धरायचे. मे अखेरीस एखाद्या दुपारी ३६ आणि २२ असेल, तर फरक १४, म्हणजे तळ जमिनीपासून ५६०० फूट. काही अडचण नाही. जुलैत २६ आणि २३ असतं. फरक ३, तळ १२०० फूट. कराडची उंची मिळवली की समुद्रसपाटीपासून ३१०० फूट. आता चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार बघा: ११५० मीटर, म्हणजे पावणेचार हजार फूट, आणि त्यावर पवनचक्क्यांची पाती आणखी दोन-तीनशे फूट वर. ३१०० च्या ढगात ते सगळं पठार पवनचक्क्यांसकट बुडालेलं असतं. व्हीएफआरचा, म्हणजे डोळ्यांनी बघून उडायच्या पद्धतीचा, ढगापासून उभं ३०० मीटर अंतर ठेवायचा नियम धरला, तर १२०० फुटांच्या ढगाखाली पायलटला जमिनीपासून २०० फुटांवर उडावं लागेल. तिथे विजेच्या तारा आहेत.

हे गणितही उदार आहे. ते चांगल्या घुसळलेल्या हवेला लागू पडतं. घाटाच्या तोंडावर वारा हवेला डोंगरावर जबरदस्तीने चढवत असतो, तिथे तळ याहून खाली येतो. पाऊस सुरू झाला की पडणाऱ्या थेंबांचं बाष्प खालच्या हवेत मिसळतं आणि मूळ तळाखाली चिंध्यांसारखे दुसरे ढग तयार होतात. कराडला पाऊस नाही, ऊनही आहे आणि पश्चिमेला पाटणच्या बाजूला राखाडी पडदा आहे, हे दृश्य पावसाळ्यात रोजचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कराडला सातशेच्या आसपास. त्यामुळे ‘कराडला हवा कशी आहे?’ या प्रश्नाला पाच मैलांनंतर काही अर्थ उरत नाही.

दरीची रचना नकाशावर एकदा नीट बघून ठेवावी. कोयना महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येते. हेळवाकच्या पलीकडे कुंभार्ली घाट आणि खाली थेट कोकण. म्हणजे ही दरी पश्चिमेकडून उघड्या खिडकीसारखी आहे. समुद्रावरची ओली हवा तिथून शिरते आणि दरीच्या अंगाने कराडकडे वाहते. कृष्णा उत्तरेकडून, वाई-साताऱ्याकडून येते. प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या समोरासमोर भिडतात हे सगळ्यांना माहीत असतं; दोन्ही खोऱ्यांतले वारेही तिथेच कुठेतरी भेटतात, याचा विचार मात्र फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, धक्का बसल्यावर होतो. धावपट्टी १०/२८ (एका टोकाकडून १०० अंशांची दिशा, दुसऱ्याकडून २८०), म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम, कोयनेच्या दरीला धरून. बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केलेला दिसतो.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून २८ वर उतरायचं. पूर्वेकडून, कोरड्या आणि मोकळ्या बाजूने यायचं. इथपर्यंत झकास. अडचण उतरता आलं नाही तर आहे. गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायचं ठरवलं, की विमानाचं नाक पश्चिमेला, जिकडे दरी आवळत जाते, जमीन चढत जाते आणि ढग खाली येत असतो. डावीकडे कोयनेपलीकडे आगाशिव. म्हणून गो-अराउंडचा निर्णय इथे उशिरा घ्यायची चैन नाही. पाचशे फुटांवर, अजून शहर आणि कृष्णा मागे-खाली असताना, ‘उतरतोय की नाही’ हे ठरलेलं हवं. आणि नाही ठरलं तर कुठल्या बाजूला वळायचं हे विमानात बसण्याआधी ठरलेलं हवं.

वाऱ्याचं प्रकरण ढगापेक्षा अवघड, कारण तो दिसत नाही. पावसाळ्यात साधारण दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कलच्या पातळीवर, अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. जोरदार पावसाच्या आठवड्यात तिथे ३०-४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) सहज असतात. ही उंची घाटमाथ्याच्या जरा वर. कराडचा विंडसॉक (पट्टीवरची वारा दाखवणारी कापडी नळी) दहा नॉट दाखवत असतो आणि तीन हजार फूट वर चाळीस नॉटची नदी वाहत असते. ती घाटमाथ्यावरून पलीकडे पडते तेव्हा डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला हवा खाली कोसळते आणि पायथ्याशी भोवरे धरते. माथ्यावर २५ नॉटच्या वर वारा असेल तर अशा जागी मिनिटाला पाचशे ते हजार फुटांची घसरण मुळीच नवलाची नाही. लहान विमानाची चढायची ताकदच तेवढी असते. त्यामुळे ८५० च्या तक्त्यावर २५ नॉट दिसले की लहान विमानाने पाटणच्या दिशेला जायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झालं. वीस नॉटपर्यंत डोंगररांग ओलांडायची तर माथ्यावर हजार फूट, त्याहून जास्त वाऱ्यात दोन हजार. आणि रांगेला काटकोनात न जाता ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे घसरण लागली तर अर्ध्याच वळणात माघार घेता येते.

या बाबतीत पवनचक्क्या अडथळा असल्या तरी उपयोगाच्याही आहेत. ढग वर असलेल्या दिवशी दहा मैलांवरून पात्यांची तोंडं कुठे वळलीत ते दिसतं. चक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. माथ्यावरच्या वाऱ्याची दिशा सांगणारं याहून चांगलं साधन त्या भागात नाही. चक्क्यांची तोंडं नैर्ऋत्येला आणि विंडसॉक मात्र वारा ईशान्येचा दाखवतोय, असं असेल तर खाली-वर दोन वेगळे वारे आहेत आणि मध्ये कुठेतरी त्यांची शिवण आहे. तिथे वेग अचानक दहा-पंधरा नॉटने बदलणार, हे धरूनच खाली यायचं.

दरीत शिरायचंच असेल तर कुठल्या बाजूने, हे वाऱ्यावर ठरतं. वारा नैर्ऋत्येचा असताना कोयनेच्या दरीची दक्षिणेची भिंत आडोशाची असते, तिच्या अंगाने हवा खाली पडते; उत्तरेच्या भिंतीला वारा आपटून वर चढतो. म्हणून पश्चिमेला जाताना उत्तरेच्या अंगाने जायचं. दरीत उजवी बाजू धरून उडायचा रिवाज आहे, तोही इथे जुळतो. उत्तरेला राहण्याचं आणखी एक कारण आहे ते वळणाचं, आणि ते आकड्यांतच नीट कळतं. ९० नॉट वेग आणि ३० अंशांचा कल असेल तर वळणाची त्रिज्या ३८० मीटर येते, म्हणजे उलटं फिरायला ७६० मीटर रुंदी आणि साधारण २६ सेकंद. आता दरीला आडवा २० नॉटचा वारा धरा. तेवढ्या वेळात तो विमानाला २६५ मीटर ढकलतो. उत्तरेच्या भिंतीकडून वाऱ्याच्या तोंडावर डावीकडे वळलात तर जागा लागते पाचशे मीटर. दक्षिणेच्या भिंतीकडून वाऱ्याबरोबर वळलात तर हजाराच्या वर. पायलट तोच, विमान तेच, फक्त सुरुवात कुठून केली त्यावर अर्धा किलोमीटरचा फरक. पाटणपाशी दोन्ही जमून जाईल. हेळवाककडे जाताना दरी आवळते, आणि वर ढगाचं झाकण असेल तर दुसरं चालण्याचा भरवसा धरू नये.

दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे पुस्तकात सगळे वाचतात आणि ‘आपल्याकडे कुठला बर्फ’ म्हणून सोडून देतात. २५ अंश तापमान आणि २२ दवबिंदू ही अवस्था, इंजिन कमी ताकदीवर असताना, बर्फासाठी अगदी सोयीची आहे. थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, ओढायची; नंतर ओढली तर बर्फ वितळवायला लागणारी उष्णताच इंजिनात उरलेली नसते.

हिवाळ्यातली कराडची सकाळ ही वेगळीच परीक्षा. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, दोन्ही खोऱ्यांतली थंड हवा रात्रभर उतारावरून घरंगळत नदीकाठी येऊन साचलेली. खाली उसाला पाणी दिलेलं, जमीन ओली. आदल्या दिवशी संध्याकाळचा दवबिंदू बघायचा आणि पहाटेचं किमान तापमान त्याच्या दोन-तीन अंश खाली जाणार असेल तर धुकं धरून चालायचं. शिवाय गळीत हंगाम. यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याचा आणि रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याचा धूर बघितला तर हवेचा सगळा हिशेब समोर मांडलेला दिसतो: धूर सरळ वर चढतो, एका उंचीवर अडतो आणि तिथून आडवा पसरतो. ती उंची म्हणजे झाकण. त्याच्या वर तापमान जास्त, खाली कमी, आणि खालचं काहीच वर जात नाही. पाचटाचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर, रस्त्याची धूळ, सगळं त्याच थरात. पाचट पेटवलेल्या संध्याकाळनंतरची सकाळ नेहमीपेक्षा वाईट निघते, कारण धुराच्या कणांवर पाणी लवकर धरतं.

या धुक्याची खरी फसवणूक वरून बघताना होते. दोन हजार फुटांवरून खाली पाहिलं तर धावपट्टी स्पष्ट दिसते, टोकाचे आकडेसुद्धा वाचता येतात. धुक्याचा थर शंभर फुटांचा असतो आणि आपण त्यातून उभं बघत असतो. फायनलवर तीन अंशांच्या उतारावर तोच शंभर फुटांचा थर तिरका कापावा लागतो, आणि ती लांबी होते १९०० फूट. म्हणजे डोळ्यांपुढे एकोणीसपट धुकं. शंभर फुटांवर, धावपट्टी सहाशे मीटर पुढे असताना, दिसत असलेलं सगळं एकदम पुसलं जातं. त्यातून सूर्य. ऑक्टोबरच्या मध्याला आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो जवळपास १०० अंशांवर उगवतो, म्हणजे १० नंबरच्या धावपट्टीच्या नेमका रेषेत. वारा नसलेल्या अशा सकाळी २८ वर उतरावं, सूर्य पाठीशी ठेवावा. आणि धुकं उगवतीला विरळ होतं हा समज सोडावा. ऊन पडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन ते बहुधा दाटच होतं. मग उचलतं, दोन-तीनशे फुटांवर ढग होऊन राहतं आणि त्यानंतर विरतं. साडेआठला निघणारा माणूस साडेनऊला निघाला तर त्याचं काय जातं? कार्यक्रम जातो. निवडणुकीच्या दिवसांत ‘साहेबांना दहाला पोचायचंच आहे’ हे वाक्य कुठल्याही ढगापेक्षा जास्त धोकादायक असतं, आणि ते कुठल्याच हवामान अहवालात येत नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिलमध्ये ४० अंश आणि क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाचा हवेचा दाब, १००६ असेल तर कराडची घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची, ५६०० फुटांच्या आसपास येते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे वारुंजीला जमिनीवर उभं असलेलं विमान, इंजिनाच्या हिशेबाने, महाबळेश्वरच्या हजार फूट वर उभं असतं. वेगमापकावर ६० नॉट दिसतात तेव्हा खरा वेग ६५ असतो, आणि इंजिनाची ताकद घटलेली. सेसना १७२ ला समुद्रसपाटीला ५० फुटांचा अडथळा पार करायला पाचशे मीटर लागत असतील तर इथे आठशे धरावेत. पट्टी १२८० आहे, म्हणून पट्टी पुरते. चढण पुरत नाही: मिनिटाला सातशेच्या जागी साडेचारशे. वर सांगितलेली पाचशे फुटांची घसरण आता त्या साडेचारशेसमोर ठेवून बघा.

वळिवाचा हिशेब मात्र बऱ्याच जणांचा उलटा असतो. काळाकुट्ट, गडगडणारा ढग सगळ्यांना दिसतो आणि त्याच्यापासून वीस मैल लांब राहायचं हेही माहीत असतं. जास्त भीती एप्रिलच्या सुरुवातीच्या, उंच तळाच्या ढगांची. तापमान ४०, दवबिंदू १५. तळ दहा हजार फुटांवर. त्यातून खाली लोंबणाऱ्या पावसाच्या झिरमिळ्या जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच सुकतात. सुकताना हवा गार होते, जड होते आणि थेट खाली येते. खाली पाऊस नाही, अंधार नाही. माण-खटावच्या बाजूला जमिनीवर धुळीचं एक कडं पसरताना दिसतं तेवढंच. त्या कड्यातून जाताना आधी समोरून वारा वाढतो, विमान वर उचललं जातं, पायलट ताकद कमी करतो. मग खाली दाब, आणि लगेच मागून वारा. सगळं चार किलोमीटरच्या आत आणि काही मिनिटांत. उपाय हवेत नाही, घड्याळात आहे: अर्धा-पाऊण तास लांब थांबायचं. दुपारी तीन ते सहा या वेळेत मुळात पट्टीवर नसलेलंच बरं.

आता ही माहिती मिळते कुठून? कराडचा स्वतःचा मेटार, म्हणजे विमानतळाचा नियमित हवामान अहवाल, नाही. हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंग सिस्टीमवर कोल्हापूर आणि पुण्याचे अहवाल मिळतात, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आपली दरी. कोल्हापूर दक्षिणेला ३८ नॉटिकल मैल, पुणे उत्तरेला ८० च्या आसपास. दोघंही कोयनेच्या दरीबद्दल काही बोलत नाहीत. रडारवर काही नाही म्हणून खूश होऊ नये. किनाऱ्यावरची मुंबई आणि गोव्याची रडार इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली लहर इथे पोचेपर्यंत पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून चार किलोमीटर वर गेलेली असते. घाटातला पावसाळी ढग पुष्कळदा त्याच्या खालीच सगळा पाऊस पाडून मोकळा होतो. रडारच्या पडद्यावर कोरडं, खाली चिखल. उपग्रहाचं चित्र त्यापेक्षा बरं, पण ढगाचा तळ त्यातही दिसत नाही, दिसतो तो माथा.

म्हणून फोन. पट्टीवर किंवा जवळच्या गावात कोणीतरी असतंच. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. ‘हवा कशी आहे?’ म्हटलं की उत्तर येणार, ‘चांगलीय की सायब, या तुमी.’ माणसाला वाईट सांगायला आवडत नाही. त्याऐवजी: ‘मामा, आगाशिवाचा माथा दिसतोय का?’ ‘न्हाई, वरलं टोक झाकलंय.’ ‘किती झाकलंय? निम्मा?’ ‘निम्म्याला कमीच.’ ‘आणि वसंतगड?’ ‘त्यो न्हाई दिसत आज.’ झालं. ढगाचा तळ माथ्याच्या खाली आहे आणि वायव्येला दृश्यमानता गेलेली आहे, हे दोन वाक्यांत कळलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून तेच प्रश्न तसेच विचारले की ढग उचलतोय का टेकतोय तेही कळतं. नकाशावर आगाशिव, सदाशिवगड आणि वसंतगड यांची उंची आणि पट्टीपासूनचं अंतर आधीच टिपून ठेवलेलं असेल तर ही उत्तरं थेट फुटांत आणि किलोमीटरमध्ये वाचता येतात.

राहिला पर्यायी विमानतळ, कराडला उतरता आलं नाही तर जायचा. सवयीने कोल्हापूर लिहिलं जातं, जवळ आहे, २५ मिनिटांत येतं. पण पश्चिमेचा ओला वारा जोरात असलेल्या दिवशी कोल्हापूरही त्याच ढगाखाली असतं. कराड मिटलं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने तेही मिटणार. अशा दिवशी पर्याय पूर्वेला शोधायचा, पर्जन्यछायेत. बारामती साधारण ६० नॉटिकल मैल, चाळीस मिनिटं. सोलापूर शंभराच्या वर, तासाहून जास्त. सेसना १७२ तासाला तीसेक लिटर पिते, म्हणजे सोलापूरचा पर्याय हातात ठेवायचा तर राखीव साठ्याव्यतिरिक्त आणखी पस्तीस लिटर, २५ किलो वजन. जुलैत ते वजन खुशाल न्यावं, हवा त्या मानाने गार असते. एप्रिलच्या दुपारी तेच २५ किलो टेकऑफच्या हिशेबात आडवे येतात, पण तेव्हा ढग वर असतो आणि कोल्हापूर उघडं असतं, म्हणून ते टाकीत भरायचेच नाहीत.